मागची काच

आमचे रामटेके सर विमान पुढे हाकायचे आणि बघायचे मात्र मागे.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी गोंडपिपरीच्या आमच्या शाळेत एक कॉम्प्युटर आला. तो चालवायचा कसा हे कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून तो भूगोलाच्या रामटेके सरांच्या गळ्यात पडला. सरांनी त्याला गेलेल्या बायकोच्या लुगड्याचं पांघरूण शिवलं, खोलीबाहेर चपला काढायचा हुकूम सोडला आणि सोबतच्या फ्लॉप्यांमधून नेमका विमानाचा खेळ शोधून काढला.

शाळा सुटली की सर खुर्चीत बसून खांद्यावरचा दुपट्टा पोटाभोवती आवळत. शेजारच्या स्टुलावर मी, गणिताचा मास्तर. इंटरव्ह्यूसाठी मी एकदा विमानाने मुंबईला गेलो होतो, म्हणून हा मान माझा.

"बांधा पट्टा, देशमुख."

माझ्याकडे दुपट्टा नसे. मी आपला पोटावर हात ठेवी.

खेळात एक मेनू होता. बाहेरचं कुठून बघायचं ते त्यात निवडता येई: समोरून, डावीकडून, उजवीकडून, मागून. विमानाने जमीन सोडली रे सोडली की सर मेनू उघडत आणि मागची बाजू लावत. धावपट्टी लहान होत जाई, सर डोळे बारीक करून तिच्याकडे बघत बसत आणि तेवढ्यात विमान पुढे कुठेतरी आदळे.

"सर, पुढे बघा की!"

"पुढं काय पाह्याचं? पुढं तं सारेच पाह्यतेत."

"अहो, पडलं विमान!"

"पडू द्या. अजून हाये."

अशी रोज तीन-चार विमानं आम्ही घालवत असू. या माणसाला सायकलसुद्धा देऊ नका, असं हेडमास्तर म्हणत. मीही हसायचो. आता त्याची लाज वाटते.

एके दिवशी विमान उडताच सर एक, दोन, तीन असे मोजू लागले. सातला धावपट्टीशेजारचा मनोरा ठिपका झाला.

"सातपर्यंत दिसते," सर म्हणाले.

"काय दिसतं?"

सर पडद्याकडेच बघत बोलले. "पोरगी मस्कतले गेली ना नर्स म्हणून. यस्टीत मागच्या सीटवर बसे अन् काचेतून हात दाखवे, पार वळणापर्यंत. मी म्हटलं, इमानातबी मागंच बस. मी इमानतळाच्या गच्चीवरून दुपट्टा हालवतो, दिसन तुले. लय हालवला. दोन वर्सं झाले. चिठ्ठीत सारं लिहिते, हे नाई लिहीत."

"मग विचारा ना तिला."

"अन् नाई दिसला म्हणली तं?"

सर पडद्यावरून नजर काढून माझ्याकडे वळले.

"तुम्ही तं बसले इमानात. असते ना मागं काच?"

मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. माझ्या मागे संडास होता.

"असते ना," मी म्हणालो. "चांगली मोठी असते."

सरांनी दुपट्टा पुन्हा आवळला. विमान उडालं, मेनू उघडला, मागची बाजू लागली. या वेळी मोजायचं काम मी मागून घेतलं. जरा भरभर मोजलं आणि मनोरा नऊपर्यंत दिसला.