दोनशे छप्पन्न नंबरांची वाटणी

दर्शनाने समाजमंदिरातल्या फळ्यावर खडूने तीन चौकोन काढले आणि गावात भाऊबंदकी जागी झाली.

इंटरनेटची तार पोलादपूरहून समाजमंदिरापर्यंत आली होती. राउटर आणि घरोघरी लावायच्या डब्या गावच्या मुंबईकर मंडळाने पाठवल्या होत्या. जोडणी गावच्याच दर्शनाकडे. ती एका कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायची आणि बिरवाडीत तिघींच्या खोलीत राहायची. तिघींच्या पाळ्या वेगळ्या, त्यामुळे एकीची झोप म्हणजे दुसरीची भांडी घासायची वेळ. साहेबांनी सांगितलं होतं, सोमवारची दहाची मीटिंग गावातून न तुटता झाली, तर आठवड्यातले चार दिवस घरूनच काम कर. तुटली तर विषय बंद.

शनिवारी सकाळी तिने सभेला समजावलं. घराला घरक्रमांक असतो तसा प्रत्येक फोनला, टीव्हीला नंबर लागतो. नंबर दोनशे छप्पन्न. वरच्या वाडीत तेहतीस घरं, तिला एकशे अठ्ठावीस. खालच्या वाडीत अठरा घरं, तिला चौसष्ट. उरलेले चौसष्ट पुढेमागे लागतील म्हणून राखीव.

वरच्या वाडीच्या हैबतीने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. गडी पूर्वी पोलीस पाटील होता. संशय घेणं अजून सुटलं नव्हतं.

"एकशे अठ्ठावीसच्या खाली एकशे सव्वीस लिवलंस. दोन कुठं गेलं गो?"

"काका, तुकड्यातला पहिला नंबर म्हणजे त्या तुकड्याचं नाव. शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायला. ते दोन कुणालाच देता येत नाहीत."

"तुला पण नाय?"

सभा हसली. याच गावाचा ओढ्यावरचा साकव कागदावर बांधून झाला, कागदावरच वाहून गेला, तेव्हा यातल्या एकाने तोंड उघडलं नव्हतं. पण पोरगी फळ्यासमोर उभी राहिली की सगळ्यांना हिशेब येतो.

मग खालच्या वाडीचा गोमाजी उठला. हा हैबतीचा धाकटा सख्खा भाऊ. दोघांच्या भातखाचरांमधला बांध सात वर्षांपूर्वी एका रात्रीत हातभर सरकला, तेव्हापासून दोघांत अवाक्षर नव्हतं. गोमाजी भिंतीला म्हणाला, "त्यांना एकशे अठ्ठावीस, आमाला चौसष्ट. म्हंजे हितं पण बांध सरकला."

दर्शनाने घरं मोजून दाखवली. गोमाजी म्हणाला घरं गेली चुलीत, वाटणी म्हणजे निम्मी. तिने निम्मी केली. मग वरच्या वाडीतल्या एका भावकीला दुसरीच्या तुकड्यात राहायचं नव्हतं. तिने चार केले, आठ केले, सोळा केले. जेवणवेळेपर्यंत प्रत्येक घराला आपला तुकडा निराळा हवा होता. खरं तर असे नंबर हवे तेवढे घेता येतात. पण ते सांगितलं असतं तर गावाने तेही वाटायला काढले असते. दर्शना पेटली होती. घ्या, म्हणाली मनात. चार-चार नंबरांचे चौसष्ट तुकडे पाडले आणि राउटरमध्ये तस्सेच भरले. सभेने पुन्हा विचारल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा ठराव हैबतीने तिच्या सहीनिशी लिहून घेतला.

रविवारी गाव उठलं आणि वाटणी कळली. चारातले दोन नावात आणि हाकेत गेले, तिसरा राउटरने स्वतःच्या दारासाठी ठेवला, घराला उरला एक. जो आधी पकडेल त्याचा, आणि एकदा पकडला की दिवसभर त्याचाच. हैबतीची सून रेश्मा कोंबड्याआधी उठते. तिने पकडला. हैबती फोन छातीशी धरून अंगणभर फिरला, फोनला नंबर मिळेना. गोमाजीच्या घरी तो टीव्हीने पकडला आणि माणसं कोरडी राहिली. दर्शनाच्या घरी तिची आई रखमा मालिकेचा राहिलेला भाग बघत बसली होती. ऑफिसच्या लॅपटॉपला नंबर नाही. उद्या दहाला मीटिंग, आणि ठरावावर सही आपलीच. रागाच्या भरात आपण आपलंही घर वाटून टाकलं, हे तिला तेव्हा कळलं.

दुपारी समाजमंदिर भरलं. या वेळी बायकाही आल्या. हैबतीने सुरुवात केली, पोरीनं घोळ घातला. तेवढ्यात राहीबाई उभी राहिली. दोघांच्या मयत थोरल्या भावाची बायको, जन्म खाचरात वाकून गेलेला.

"भावजी, एक खाचर दोघांत वाटलं की मधी काय येतं?"

"बांध."

"बांधावर भात पिकतं?"

हैबतीने चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला.

"मंग पोरीनं काय खाल्लं? तुमी तुकडं पाडलंत, बांध तुमी घातलंत. गो दर्शना, किती गेलं बांधात?"

"एकशे अठ्ठावीस, काकू. निम्मे."

रेश्मा उठली, फळ्यावरचे चौकोन पदराने पुसले आणि मागे वळून सासऱ्याकडे न बघता बसली. नवा ठराव एका ओळीचा झाला: गाव एक तुकडा. दोनशे चोपन्न नंबर वापरात, बांधात फक्त दोन. शाळेला दर्शनाने आधीच गुपचूप दोनशे छप्पन्नांबाहेरचा निराळा तुकडा दिला होता. तो कुणाला माहीतच नव्हता, म्हणून त्यावर भांडण नव्हतं.

सोमवारी दहाला मीटिंग लागली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. साहेब हलत होते, बोलत होते, अडकत नव्हते. एवढ्यात पडवीत हैबती आला. दर्शनाने हाताने थांबायची खूण केली. पोलीस पाटलाला खुणा कळत नाहीत.

"मधला बांध काढला की दोन नंबर परत येतात, असंच ना गो?"

"हो, काका."

"खाचराचं पण तसंच आसंल?"

ती उत्तर देणार, तोच अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडून, वाटेवरून गोमाजीचा आवाज आला. सात वर्षांनी पहिल्यांदा तो भिंतीशी नाही, भावाशी बोलत होता.

"आदी सरकवलेला बांध जागंवर ने. मंग काढू."

"मी सरकवला?"

"नाय, तो आपल्या पायानं चालत आला."

दोघं गडग्याच्या दोन बाजूंनी सात वर्षांचं साठलेलं बोलायला लागले. रखमा चहा टाकायला उठली. दर्शनाने घाईने माइक बंद करायला बोट पुढे केलं, पण साहेबांनी अडवलं. ते मान वाकडी करून ऐकत होते.

"आवाज फार स्वच्छ येतोय," साहेब म्हणाले. "चार दिवस मंजूर. आता सांग, बांध नक्की कुणी सरकवला?"