बिनसाखरेचं खरबूज

अख्ख्या संशोधन केंद्रात कुणाला जमलं नाही ते मी करून दाखवलं! खरबुजात साखर भरणाऱ्या जनुकाचं तोंडच बंद करून टाकलं. कशासाठी? आमच्या बाबांसाठी! मधुमेह, पायाला न भरणारी जखम आणि जीव मात्र खरबुजात. डॉक्टरांनी गोड बंद केलं तेव्हा हा माणूस ढसाढसा रडला होता.

पहिली फळं धरली आणि मी नियम धाब्यावर बसवून एक डब्याच्या पिशवीतून घरी पळवलं. बाबांनी फोड तोंडात टाकली, डोळे मिटले.

"कसं आहे?"

"अमृत गं, अमृत!"

झालं! रोज एक खरबूज पिशवीतून येऊ लागलं.

आणि बाबांची साखर चढू लागली. दोनशे, तीनशे, चारशे! जखम काळी पडली. डॉक्टर आईवर ओरडले, आई माझ्यावर.

"बाबा, चोरून काही खाता का?"

"तुझी शप्पथ! तुझ्या खरबुजाशिवाय गोडाचं काही नाही!"

बाबा माझी खोटी शप्पथ घेतील? मग जनुकच लबाड! वेलीवर गप्प बसतं आणि तोडल्यावर तोंड उघडतं. घरातलं एक फळ तपासून बघावं, एवढंही या विदुषीला सुचलं नाही. रडतरडत केंद्राच्या मॅडमसमोर सगळं कबूल केलं.

मॅडम पांढऱ्याफटक पडल्या. "हे बाजारात गेलं असतं तर? उपटा सगळं!"

वेली, फळं, बियांची पाकिटं, सगळ्याचा ढीग झाला. पाप माझं, म्हणून काडीही मीच लावली.

तशीच दवाखान्यात धावले. बाबांच्या पायाची दोन बोटं कापली होती. मी हंबरडाच फोडला, "बाबा, माझ्या खरबुजानं तुमची बोटं खाल्ली हो!"

"छे गं! त्या बिचाऱ्याचा काय दोष?" बाबा क्षीण आवाजात म्हणाले. "मेल्याला चवच नव्हती. नुसता ओला कापूस! तुझा हिरमोड नको म्हणून वर साखर घालून खायचो."

आई स्टुलावर मटकन बसली. "तरीच साखरेचा डबा रिकामा! आणि मी मुंग्यांना शिव्या घालत होते!"

"आता नाही घालणार," बाबांनी माझा हात घट्ट धरला. "सपक तर सपक, तसंच खाईन. जा, आण एक."

"आणते हं," म्हणत मी बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले. केसांना अजून धुराचा वास येत होता. आणते म्हणे! कुठून आणणार, कपाळ माझं?