गुळगुळीत टायर आणि अलकाचं हळदीकुंकू

"खाचांचे टायर घ्या," अलका म्हणाली.

"गुळगुळीत घेणार," डॉक्टर श्रीनिवास म्हणाले, आणि कार्डिफबाहेरच्या त्या टेकडीवरच्या घरात आठवडाभर दुसरा विषयच राहिला नाही.

टायर हवे होते बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरला. उन्हाळ्यात तो गवत कापायचा आणि पुढे पातं लावलं की हिवाळ्यात बर्फ ढकलायचा. निदान डॉक्टरांचं तसं म्हणणं होतं. जुने टायर फाटले होते. दुकानात दोन जाती मिळत होत्या: बर्फाला घट्ट धरणारे खोल खाचांचे, आणि हिरवळीला जपणारे गुळगुळीत.

"खाचांच्या टायरांनी माझं लॉन नांगरून निघेल!"

"अहो, लॉन आहे कुठे? वर फूटभर बर्फ आहे! बरं, निदान टायरांना साखळ्या, चेन्स तरी लावा."

"चेन्सनी फाटकापर्यंतच्या ड्राइव्हवर ओरखडे पडतील. विषय संपला."

डॉक्टर भूलतज्ज्ञ होते. समोरचं माणूस बोलायचं थांबलं की आपलं काम झालं, असं त्यांना सवयीनं वाटायचं.

अलका बोलायची थांबली, पण तिची काळजी थांबली नव्हती. या शनिवारी तिचं स्वतःच्या घरातलं पहिलंवहिलं हळदीकुंकू होतं. इतकी वर्षं ते वैजयंतीताईंकडेच व्हायचं आणि ताईंनी फोनवर गोड आवाजात विचारलंही होतं, "तुमच्या त्या चढावर कोण येणार गं? नाहीच जमलं तर नेहमीसारखं माझ्याकडे करू." त्या 'नेहमीसारखं'नं अलकाची झोप उडाली होती.

शनिवारी दुपारी डॉक्टर नव्याकोऱ्या गुळगुळीत टायरांवर ऐटीत स्वार झाले. वरचा सपाट भाग झकास साफ झाला. मग उतार लागला. डॉक्टरांनी ब्रेक दाबला. चाकं थांबली. ट्रॅक्टर थांबला नाही.

"मम्मी! बाबांचा ट्रॅक्टर खाली गेला!" पंधरा वर्षांची सुनीती खिडकीतून किंचाळली.

ट्रॅक्टर संथपणे, अगदी राजेशाही थाटात, घसरत गेला आणि खाली फाटकात तिरका होऊन अडकला. पुढचं एक चाक रस्त्यावर आलं. नेमक्या त्याच वेळी समोर वैजयंतीताईंची नवी गाडी येऊन उभी राहिली. मागे आणखी दोन गाड्या. आत पैठण्याच पैठण्या.

"डॉक्टर, स्वागताला तुम्ही? वा!" ताई उतरत म्हणाल्या.

"एक मिनिट हं वहिनी, हा आत्ता मागे घेतो." चाकं जागच्या जागी गरगरली. "सुनीती! टायरखाली घालायला काहीतरी आण! खरखरीत!"

सुनीतीला दारातच सगळ्यात खरखरीत वस्तू दिसली: काथ्याच्या पायपुसण्यांचा गठ्ठा. ते वाण होतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तिनं दोन पायपुसणी चाकांखाली सारली, डॉक्टरांनी रिव्हर्स टाकला, आणि एक पायपुसणं सूंऽऽ करत फाटकाबाहेर उडालं. ताईंनी ते दोन्ही हातांनी झेललं.

"अगंबाई! आधी वाण, हळदीकुंकू मागाहून?"

दुसरं मागच्या गाडीतून उतरलेल्या नंदूच्या आईनं झेललं. बाकीच्या पदर खोचून उभ्या राहिल्या. "सुनीती, आता इकडे येऊ दे गं!" अशी वाणाची लूट कार्डिफात कधी झाली नव्हती. पायपुसणी संपली. ट्रॅक्टर फाटकातून सुटला, पण वर चढेना; डॉक्टर ब्रेकवर पाय दाबून तिथेच.

तेवढ्यात अलका आली. पैठणी, खाली गुडघ्यापर्यंतचे रबरी वेलिंग्टन बूट, हातात तबक. तिनं फाटक बघितलं, नवरा बघितला.  मग तबक ट्रॅक्टरच्या गरम बॉनेटवर ठेवलं आणि पहिलं कुंकू ताईंना लावलं. तिळगूळ फिरला, थर्मासमधला चहा फिरला.

"मी... जाऊ का?" बायकांच्या घोळक्यातून डॉक्टरांचा आवाज आला.

"ब्रेकवरचा पाय काढाल तर ट्रॅक्टर सरळ माझ्या गाडीवर," ताई म्हणाल्या.

"मग गाडी जरा मागे घ्या ना, वहिनी."

"घेते की. आधी उखाणा!"

"उखाणा! उखाणा!" सगळ्या ओरडल्या.

डॉक्टरांनी आजूबाजूला पाहिलं. सुटकेचा दुसरा रस्ता नव्हता. त्यांनी घसा खाकरला:

"घसरत आलो खाली, अडवून बसलो फाटक,
अलकाचं ऐकलं असतं, तर टळलं असतं नाटक!"

टाळ्यांनी शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. अलका लाल झाली, पण हसू काही लपलं नाही. ताईंनी गाडी मागे घेतली, ट्रॅक्टर हळूच उतरून समोरच्या बर्फाच्या ढिगात जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर शहाण्यासारखे खाचांच्या टायरांची चौकशी करायला फोनपाशी गेले, तर फोनच वाजला.

"डॉक्टर, वैजयंती बोलतेय. अलकाला सांगा, पुढच्या वर्षीही हळदीकुंकू तिच्याकडेच. सगळ्यांचं एकमत झालंय."

"वा, वा! सांगतो ना!"

"आणि डॉक्टर, एक अट आहे. टायर बदलायचे नाहीत."