एआयचा हातमोजा

सकाळी सव्वाआठला म्हाळसानं लॅबचं दार उघडलं आणि आधी डब्याच्या पडद्यावरचा आकडा बघितला. आकडा होता अडतीस. तो एकच्या खाली पाहिजे होता.

डबा म्हणजे जेवणाचा नव्हे. काचेचं तोंड असलेली, फ्रीज आडवा पाडल्यासारखी दिसणारी एक लोखंडी पेटी. आत हवा नाही, आर्गन नावाचा कोरडा गॅस. सणसवाडीच्या या कंपनीत बॅटरीची जी पावडर बनते, तिला ओलावा लागला की ती नासते. म्हणून तिला हात लावायचा तो बाहेरूनच, पेटीला जडवलेल्या, काखेपर्यंत येणाऱ्या दोन काळ्या रबरी हातमोज्यांत हात घालून. साहेब लोक या पेटीला ग्लोव्ह बॉक्स म्हणतात. जे रोज तिच्यात हात घालतात ते डबा म्हणतात. आत किती ओलावा शिरलाय ते पडद्यावरचा आकडा सांगतो.

आणि आज चार वाजता ऑडिट होतं. पावडर घेणाऱ्या बड्या गिऱ्हाइकाकडून डबा तपासायला मॅडम येणार होत्या.

म्हाळसा वडगाव रासाईच्या रखमाजीची लेक. तीन वर्षं हा डबा तीच सांभाळत होती, पण कंपनीच्या कागदावर ती नव्हतीच. ती ठेकेदाराची. दर सात महिन्यांनी तिला पंधरा दिवस घरी बसवायचं, म्हणजे नोकरी सलग होत नाही आणि कायद्याला ती दिसत नाही. याला कंपनीत 'ब्रेक' म्हणतात. ब्रेक लागतो तिला, गाडी पळते साहेबाची. पाचवा ब्रेक सोमवारी लागणार होता. पण लॅबचे मॅनेजर विश्वजीत सर परवा चहा पिता पिता म्हणाले होते, "ऑडिट क्लिअर कर, तुझं पर्मनंटचं लेटर काढतो." चहा पिता पिता दिलेला शब्द कप धुतला की जातो, हे तिला कळत होतं. तरी तिनं तो धरून ठेवला होता. दुसरं धरायला होतं काय?

साडेआठला सर आले. आकडा बघितला.

"रीस्टार्ट कर."

"दोनदा केलं सर. कुठंतरी लीक हाय."

"तिसऱ्यांदा कर." सरांकडे इंजिनिअरिंगची पदवी होती आणि तिचा अर्क एवढाच होता.

तिसऱ्या रीस्टार्टला आकडा चव्वेचाळीस झाला, तेव्हा सरांनी मेंटेनन्सच्या पोपटराव आप्पांना बोलावलं. आप्पा कंपनीत कायम होते. त्याआधी न्हावऱ्यात त्यांचं ट्रॅक्टरचं गॅरेज होतं, आणि गॅरेज सुटलं तरी गॅरेजचा आत्मविश्वास सुटला नव्हता.

"रबराचं हाय का न्हाई हे? मंग झालं तर. साबणाचं पाणी आण पोरी."

आतल्या दाबानं दोन्ही हातमोजे बाहेर फुगून, मिठी मारायला आल्यासारखे ताठ उभे होते. आप्पांनी त्यांच्यावर फडक्यानं फेस लावला. उजव्या हातमोज्याच्या बोटावर बारीक बुडबुडा आला, फुटला, परत आला.

"घावलं! पंक्चर!"

"म्हाळसा," सर ओरडले, "किती वेळा सांगितलं, बांगड्या घालून काम करायचं नाही!"

म्हाळसानं दोन्ही मोकळी मनगटं पुढं केली. "तीन वर्षं झाली, गेटवरच काढून ठेवते सर."

"आन् बांगडी मनगटात असती, साहेब," आप्पा बुडबुड्यावरची नजर न काढता म्हणाले. "भोक तर्जनीला हाय. तर्जनीत काय घालत्यात?"

दोघांचे डोळे सरांच्या उजव्या तर्जनीकडे गेले. तिथं प्रमोशनसाठी घातलेला, सुपारीएवढा पुष्कराज बसला होता. परवाच सरांनी मेव्हण्याला लॅब दाखवायला आणलं होतं आणि "बघ, असं असतं सायन्स" म्हणत डब्यात हात घातला होता.

सरांनी हात खिशात घातला. "कारण नंतर शोधू. मला आता सोल्युशन पाहिजे."

"हाय की!" आप्पांनी खिशातून पंक्चरच्या सोल्युशनची ट्यूब काढली. "मी सोलुशन बरुबरच आणलंय."

"आप्पा, नका!" म्हाळसा आडवी आली. "डब्याचा हातमोजा चिटकवत न्हाईत. बदलावा लागतो."

"आगं, जेसीबीचं टायर चिटकवलंय मी. हे तर बोट हाय."

आप्पांनी काचपेपर घेतला आणि पॅच बसायला जागा खरवडायला सुरुवात केली. हातमोज्याचं रबर पातळ. मोहरीएवढं भोक हरभऱ्याएवढं झालं, हरभऱ्याचं बोराएवढं झालं आणि उजवा हातमोजा सुस्कारा टाकून खाली लोंबला. डब्याचा भोंगा वाजायला लागला. गेलेला दाब भरून काढायला डब्यानं सिलिंडरमधून गॅस प्यायला सुरुवात केली, अगदी उन्हातनं आलेल्या म्हशीसारखा. आकडा चारशे दहावर गेला.

"रबरात काय राम न्हाई राहिला," आप्पांनी निकाल दिला आणि ट्यूब खिशात टाकली.

"स्पेअर!" सर किंचाळले. "सहा महिन्यांपूर्वी मी स्वतः स्पेअरवर सही केलीय!"

ही गोष्ट खरी होती. म्हाळसानंच मागणी लिहिली होती, 'लांब हातमोजे, खांद्यापर्यंत'. स्टोअरचे हौशीराम मामा बंद खोकं घेऊन आले. सरांनी फोडलं. आतून निघाले शंभर हातमोजे. प्लास्टिकचे. लांबलचक, नारिंगी, पातळ, थेट खांद्यापर्यंत.

आप्पांनी एक उचलला, उजेडात धरला आणि खुर्चीत बसूनच घेतलं. "आरं, हे तर गाईचं हाय!"

"गाईचं म्हणजे?"

"गाय गाभण घालायला डॉक्टर येतो, तो हातात घालतो ते! खोक्यावर बघा की, लिवलंय."

खोक्यावर लिहिलं होतं: एआय ग्लोव्ह.

सर हौशीराम मामांवर धावले. मामांनी मात्र सगळं शांतपणे सांगितलं. "सायेब, मी तवाच इचारलं हुतं. शिरूरच्या दुकानात खांद्यापर्यंत मिळतंय, पण नाव एआय हाय, चालंल का? तुम्ही म्हणला, एआय? घ्या, घ्या, पुढचा जमाना त्याचाच हाय. आन् सही केली."

गोठ्यात एआय म्हणजे कृत्रिम रेतन. हे सणसवाडीपासून दौंडपर्यंत शेणात हात घातलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. माहीत नाही ते फक्त पुढच्या जमान्याच्या लोकांना.

पुण्याहून खरा हातमोजा मागवला तर दोन दिवस. म्हाळसानं दोन मिनिटं विचार केला. मग फाटका हातमोजा तसाच ठेवून त्यावर गाईचे पाच हातमोजे एकात एक चढवले, हातमोजा जिथं डब्याला जडवलेला असतो त्या कड्यावर रबरी रिंग आवळली आणि डब्याला आतला गॅस सुकवायला लावलं. आकडा हळूहळू उतरायला लागला. तीनशे, दीडशे, नव्वद. चार वाजता तो साठावर होता आणि तिथंच बसला.

राजनंदिनी मॅडम बरोबर चारला आल्या. दौंडकडच्या. बोलणं कमी, पेन तयार. डब्यापुढं त्या थांबल्या, कारण डब्याचा डावा हात काळा होता आणि उजवा नारिंगी, फुगलेला.

"हे काय?"

सरांनी घसा साफ केला. "मॅडम, एआय ग्लोव्ह. आर्टिफिशियल इंटेलिजन्स."

मॅडमनी हातमोजा दोन बोटांत धरला. "आमच्या घरी अठरा गाई आहेत, सर. डॉक्टरांच्या हातात हाच असतो. त्यातलं आर्टिफिशियल डॉक्टर करतो. इंटेलिजन्स असलीच तर ती गाईची."

आप्पांना खोकल्याची उबळ आली आणि ते बाहेर गेले ते गेलेच.

"आकडा किती?" मॅडमनी विचारलं.

"साठ," म्हाळसा म्हणाली. पडदा समोरच होता, खोटं बोलून काय झाकणार?

आता सरांनी ते केलं जे बुडणारा प्रत्येक साहेब करतो. जवळच्या माणसाच्या डोक्यावर पाय दिला. "मॅडम, ही सगळी चूक या मुलीची! मागणी तिनं लिहिली, हातमोजा तिनं बसवला!"

"म्हणजे या डब्याला जबाबदार व्यक्ती ही?"

"शंभर टक्के हीच!"

"लिहून द्या."

सरांनी मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, खाली झोकदार सही केली. म्हाळसा भिंतीला टेकून उभी होती. लेटर गेलं, हे तिला सही होताना दिसत होतं. मॅडमनी रिपोर्टात दोष नोंदवला, जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात म्हाळसाचं पूर्ण नाव लिहिलं, सुधारणेला नव्वद दिवसांची मुदत दिली आणि गेल्या.

गाडी गेटबाहेर पडली तसे सर एचआरच्या दीक्षा मॅडमपुढं उभे. "त्या म्हाळसाला सोमवारपासून बंद करा. ब्रेक नाही, कायमची."

दीक्षानं रिपोर्ट दोनदा वाचला. "नाही करता येणार, सर."

"का? ठेक्यावरची तर आहे!"

"तेच तर. जबाबदार व्यक्ती कंपनीच्या पगारावरचीच पाहिजे, असं गिऱ्हाइकाच्या करारात आहे. नव्वद दिवसांनी ऑडिटच्या मॅडम येऊन तिलाच भेटणार. ती ठेक्यावरची निघाली तर ऑर्डर जाईल. तिला आजच्या तारखेत कायम करावं लागेल."

"मग तिचं नाव खोडा. माझं टाका."

"टाकते की," दीक्षानं पेन उचललं. "म्हणजे चूक तुमची. मोठ्या साहेबांना तसं कळवू ना?"

सरांनी तिचं पेन घाईघाईनं खाली ठेवायला लावलं. मग म्हणाले, "लेटर काढा. पण मला तिला ठपक्याचा मेमो द्यायचाय!"

"जरूर द्या. मेमो फक्त कायम माणसालाच देता येतो."

शनिवारी म्हाळसाला दोन पाकिटं मिळाली. दीक्षानं बोट ठेवून सांगितलं, "आधी या नेमणुकीवर सही कर, मग या मेमोवर. उलटं झालं तर मेमो बेकायदेशीर ठरेल." म्हाळसानं पहिली सही केली, शाई वाळू दिली, मग दुसरी.

बाहेर आप्पा उभेच होते. नेमणुकीच्या कागदाकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मेमो मात्र हातात घेऊन पूर्ण वाचला, शिक्का निरखला आणि तिच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! मला नऊ मिळाल्यात. पैल्याच दिवशी कुणालाच न्हाई."

संध्याकाळी ती शिरूरहून अर्धा किलो पेढे घेऊन सेकंड शिफ्टच्या वेळी गेटवर आली. वॉचमननं खोक्यात हात घालत विचारलं, "कशाचे गं?"

"मेमोचे, मामा," म्हाळसा म्हणाली. "दोन घ्या."