उणे एक सेकंद

आमच्या सोसायटीत कुणी नवीन राहायला आलं की चौथ्या मजल्यावरचे घरत सर त्याला नावगाव विचारत नाहीत. "उणे एकला तुमी कुठं होता?" असं विचारतात. नवा वॉचमन तर आठवडाभर त्यांना पाहिलं की पंपाच्या खोलीत शिरायचा.

याचं मूळ सर निवृत्त होईपर्यंत शिकवत त्या अकरावीच्या फिजिक्समध्ये आहे. वीस मीटर उंच गच्चीवरून चेंडू सेकंदाला पंधरा मीटर वेगाने सरळ वर फेकला, तर जमिनीवर किती वेळाने पडेल? गणित सोडवलं की दोन उत्तरं येतात: चार सेकंद आणि उणे एक सेकंद. सगळं जग चार लिहितं आणि उणे एकवर काट मारतं. सरांना ती काट सहन होत नाही.

"अरे, चेंडू काय गच्चीवर उगवला? तोच चेंडू जमिनीवरना फेकला असता, तर एक सेकंद आधी निघाला असता. चेंडूचं गाव सांगतंय ते उत्तर, आन तुमी खोडता?"

सरांचं स्वतःचं गाव उलव्याच्या बाजूला होतं, ते विमानतळात गेलं. पण कुरकुर नाही. "आमच्या भाताच्या शेतावर विमानं उतरतात," असं ऐटीत सांगतात.

बायको गेल्यावर सर संध्याकाळी सोसायटीतल्या मुलांना फुकट शिकवू लागले. हॉलमध्येच चेंडू उडवायचे. पंख्याचं एक पातं त्यात वाकलं. पंखा खडखडतो आणि सर म्हणतात, "हवेचा विरोध नगण्य माना."

सुरुवातीला सात मुलं होती. चाचणीत साऱ्यांनी दोन्ही उत्तरं लिहिली, साऱ्यांचा मार्क कापला गेला, आणि एकेकाला आईबापांनी काढून क्लासला घातलं. उरली फक्त आमची इरा. परवा पुन्हा तिचा मार्क गेला, तशी मी तणतणत वर गेले.

"सर, एकेका मार्काने ॲडमिशन हुकते. उद्यापासून इरा येणार नाही."

आता तासभर ऐकून घ्यावं लागणार, असं मला वाटलं. पण सर उठले आणि फळ्यावरचं उणे एक तळहाताने पुसून टाकलं.

"बरोबर हाय वयनी तुमचं. चारच शिकवीन. दुसऱ्याचं नाव काढणार नाय." मग हात लेंग्याला पुसत हळूच म्हणाले, "मग येल ना ती?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. ज्या उत्तरासाठी हा माणूस नोकरीभर मुख्याध्यापकांशी भांडला, ते त्याने एका मुलीच्या तासाभराच्या सोबतीसाठी पुसलं होतं. मला माझीच लाज वाटली.

"येईल," मी म्हणाले. "आणि तुम्ही दोन्ही शिकवा. पेपरात काय लिहायचं ते मी बघते घरी."

सर घाईघाईने चहा टाकायला आत गेले. आतूनच आवाज आला, "वयनी, आत्ताच बोलवा ना तिला. उद्यापर्यंत कशाला थांबायचं?"

मी खिडकीतून खाली वाकले आणि इराला हाक मारली.