ओढून बघा!

"उद्या चर्चमध्ये माझे केस बघून सासूबाईंनी तोंडात बोटं घातली नाहीत, तर नावाची आराबा नाही!"

शनिवारी सकाळी आराबाने ही प्रतिज्ञा आरशासमोर केली. आरसा गप्प बसला. त्याने आराबाच्या अशा बऱ्याच प्रतिज्ञा ऐकल्या होत्या.

सासूबाई म्हणजे एजिर्बाबाई. केप कोस्ट या आमच्या समुद्रकाठच्या गावात, बाजारात त्यांचं सलून. गावातली निम्मी कुरळी डोकी त्यांनी क्रीम लावून सरळ केली होती, आणि उरलेल्या निम्म्यांकडे त्या अर्धवट पडलेल्या कामाकडे बघावं तशा बघत. आराबाला आई नव्हती. लग्न झाल्यापासून दर शनिवारी ती सासूबाईंच्या पायाशी बुटक्या स्टुलावर बसायची, डोकं त्यांच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये. मग तेल, कंगवा आणि बोलणी, तिन्ही एकदम सुरू. "मान सरळ! रडतेस काय? कंगवा आहे, करवत नव्हे!" आराबाला ती बोलणी फार आवडायची. आईच्या हातचा मार पुन्हा मिळाल्यासारखं वाटायचं.

पण त्या क्रीमने तिची टाळू भाजली, केस पुंजक्यांनी गळायला लागले. शेवटी आराबाने ते सगळे कापले आणि स्वतःचे, मुळातले, घट्ट कुरळे केस वाढवायला घेतले. एजिर्बाबाईंनी आकाशपाताळ एक केलं.

"माझा हात नको झाला होय गं तुला? वाढव, वाढव ते गवत! त्यातून कंगवा गेला, की मला बोलाव!"

त्या दिवसापासून त्यांनी सुनेच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. मासळीचं कालवण मुलाच्या, एकोच्या, हाती यायचं, रिकामं पातेलं मुलाच्या हाती परत जायचं. आराबा ते पातेलं बोटाने पुसून खायची, पण सोबतची बोलणी आठवतात हे तिने नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही.

केस मात्र वाढले. चांगले खांद्याखाली गेले! फक्त ते कुणाला दिसत नव्हते, कारण आराबा कायम नकली केस जोडून कमरेपर्यंतच्या वेण्या घालून हिंडायची. उद्या चर्चमध्ये सुगीचा सण. बेत असा होता: वेण्या सोडायच्या, केस धुवायचे, शियाच्या बियांचं लोणी चोळायचं, बटा काळ्या दोऱ्यात आवळून ताणून ठेवायच्या, आणि सकाळी दोरे सोडले की केस मोकळे, खांद्यावर! गवत म्हणता काय? बघा हे गवत!

वेण्या सोडून झाल्या. आता आमच्याकडच्या केसांचं आणि पाण्याचं नातं तुम्हाला ठाऊक नसेल, तर सांगून ठेवतो. पाण्याचा थेंब पडायचा अवकाश, की हातभर केस अंग चोरून टाळूला चिकटून बसतात. काल कमरेपर्यंत वेण्या मिरवणारी आराबा धुतल्यावर न्हाव्याकडून नुकतीच उठून आल्यासारखी दिसू लागली. त्यात काळ्या साबणाचे डाग पडतात म्हणून ती जुनं काळं लुगडं गुंडाळून बसलेली. त्यात साबण डोळ्यात गेला. आणि त्यात नळाचं पाणी गेलं!

डोळे चोळत ती कुंपणापाशी गेली. पलीकडे शेजारीण मान्सामावशी कच्ची केळी सोलत होती. मावशीचा स्वभाव प्रेमळ होता, पण तिच्याकडे आलेली बातमी कधी मुक्कामाला राहत नसे.

"मावशी, बादलीभर पाणी मिळेल?"

मावशीने वर पाहिलं आणि तिच्या हातातली सुरी गळून पडली. काळं लुगडं. कापलेले केस. लाल डोळे, घळाघळा पाणी. आमच्यात बाई या तीन गोष्टी एकाच वेळी करते, ते एकाच प्रसंगी, नवरा गेला की.

"आराबा... एको कुठाय गं?"

"कालच यायचा होता यामचे कंद भरलेली गाडी घेऊन. नाही आला."

"फोन?"

"फोन कुठला लागतोय आता!" आराबाने नाक ओढलं. एकोचा फोन गेल्या आठवड्यात संडासाच्या खड्ड्यात पडला होता. पण तो काढायला कुणी उतरायचं यावरून नवराबायकोत जुंपली होती, म्हणून ही गोष्ट दोघांनी घरातच ठेवली होती.

"अरे देवा!" मावशीने बादली स्वतः उचलून आणली, आराबाला छातीशी धरलं आणि वाऱ्यासारखी गल्लीत गेली. आराबाला वाटलं, पाणी गेल्याचं मावशीने जरा जास्तच मनावर घेतलं.

डोळे धुऊन होतात न होतात, तोच दारात चार बायका उभ्या. सुतकाच्या काळ्या-तांबड्या लुगड्यांत! मागून पुरुष आले, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या, कुणीतरी माल्टच्या गोड पेयाच्या बाटल्यांचा क्रेट आणला. आराबाला वाटलं, बिचाऱ्यांच्या घरी कुणीतरी गेलेलं दिसतंय!

आता आमची रीत अशी, की पाहुण्याला आधी पाणी द्यायचं आणि मग येण्याचं कारण विचारायचं. आराबाने सगळ्यांना पाणी दिलं.

"कसं येणं केलंत?" तिने हळूच विचारलं.

"तुझ्यासाठीच आलो गं बाई," असं म्हणून एकीने हंबरडा फोडला.

पुढे कुणी बोलेना. ज्याच्या घरी दुःख, त्यानेच आधी तोंड उघडायचं, हीही आमचीच रीत. आराबा त्यांच्या तोंडाकडे बघतेय, ते आराबाच्या! शेवटी पाहुणे रडताहेत आणि आपण कोरडं बसायचं बरं दिसत नाही, म्हणून आराबानेही पदर डोळ्यांना लावला. तसा सगळ्यांनी एकदम सूर धरला.

आमच्यात मयतालाही मांडव पडतो. एक म्हातारबुवा वाकून म्हणाले, "पोरी, मांडव लहान घालू की मोठा?"

सुगीच्या सणाचा मांडव असणार! "मोठाच घाला," आराबा म्हणाली. "सगळं गाव येणार."

"काय धीराची आहे!" बायका कुजबुजल्या.

एवढ्यात गल्लीच्या टोकाकडून एक किंकाळी आली. गर्दी बाजूला झाली. एजिर्बाबाई धावत येत होत्या. पाय अनवाणी, डोक्याचा रुमाल कुठेतरी गळालेला, हातात सलूनमधला कंगवा तसाच. उंबऱ्यापाशी त्या क्षणभरही थांबल्या नाहीत. आत आल्या आणि त्यांनी सुनेला अशी मिठी मारली, की तिचा श्वास अडकला.

"तू घर सोडून कुठे जायचं नाहीस! कुणी काही म्हणू दे, तू माझी लेक आहेस! दर शनिवारी यायचंस! ऐकतेस ना? मी वेडी, केसांसाठी बोलणं टाकून बसले! केसांसाठी!"

आता मात्र आराबा खरी रडली. कुणासाठी ते तिला ठाऊक नव्हतं. सासूबाईंच्या अंगाला तोच तेलाचा वास येत होता, तेवढं तिला पुरे होतं.

एजिर्बाबाईंचा हात सवयीने तिच्या डोक्यावर गेला. "आणि हे कशाला कापलेस गं? मला बोलवायचंस. मी आले असते."

"कापले नाहीत, आई. धुतलेत."

हात थांबला. "धुतलेत? मग हे काळं?"

"साबणाचे डाग पडतात म्हणून."

"मग गेलं कोण?"

"तेच तर मला कळेना! तुमच्यातलं कोण गेलं, आई?"

सगळ्या माना हळूहळू मान्सामावशीकडे वळल्या. मावशी छताकडे बघू लागली.

"मग माझा एको कुठाय?" एजिर्बाबाई म्हणाल्या.

आराबाला आत्ता कुठे उमगलं. काल यायचा माणूस अजून आलेला नाही. फोन नाही. रस्ता लांबचा, गाडी जुनी. सकाळपासून आपण केसांत दंग! सासू आणि सून, दोघींनी एकमेकींचे हात घट्ट धरले.

बाहेर अंगणात काय चाललं होतं, ते या दोघींना ठाऊक नव्हतं. खांद्यावर यामचं पोतं घेऊन, टायर फुटून रात्रभर रस्त्यात अडकलेला एको नुकताच पोचला होता. स्वतःच्या दारात खुर्च्या आणि काळे कपडे बघून त्याने पोतं हळूच खाली ठेवलं, टोपी काढली आणि शेवटच्या खुर्चीवर टेकला.

"कोण गेलं हो?" त्याने शेजारच्या म्हातारबुवांना विचारलं.

"एको," बुवा मान न वळवता म्हणाले. "माणूस चांगला होता. जरा आळशी."

"आळशी कुणाला म्हणता!"

तो आवाज घरात पोचला. एजिर्बाबाई ताडकन उठल्या. मारायला चप्पल हवी होती, पण पाय अनवाणी, म्हणून त्यांनी मान्सामावशीच्या पायातली ओढून घेतली. लेकाला दोन हाणल्या, मग त्याच्या गळ्यात पडल्या, मग आणखी एक हाणली. उरलेली मावशीला मिळाली. आराबा नवऱ्याच्या बाहीला धरून उभी राहिली आणि बराच वेळ ती सोडेना.

आलेल्या मंडळींनी माल्ट संपवूनच निरोप घेतला. क्रेट आणणारा जरा हिरमुसला होता.

गर्दी ओसरल्यावर एजिर्बाबाईंनी सुनेच्या कपाळावरची एक बट चिमटीत धरली आणि ओढली. ती ओढली गेली, ओढली गेली, आणि थेट खांद्याखाली आली. सोडली, तर टुणकन वर!

"अगं!" बाई म्हणाल्या. पुन्हा ओढली. "अगं बाई! हे सगळं तुझं?"

"गवत आहे, आई."

"जास्त बोलू नकोस. स्टूल आण. दोरा कुठाय? कुणी शिकवलं तुला मुळापासून विंचरायला? टोकापासून, टोकापासून! मान सरळ!"

आराबाने मान सरळ केली आणि डोळे मिटून घेतले.

रविवारी दोरे सुटले. काळेभोर, दाट केस खांद्यावर उतरले. पांढऱ्या लेसच्या झग्यात आराबा सासूबाईंच्या शेजारी पुढच्या बाकावर बसली. परवा रात्रीच्या जागरणाने एको अजून अंथरुणातच होता. "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच," असं त्याने पांघरुणातूनच सांगितलं होतं.

मागच्या बाकावरून कुजबुज आली. कालची बातमी गावभर पोचली होती, दुरुस्ती कुठेच पोचली नव्हती.

"बघितलंस? काल केस उतरवले, आज विग! नवऱ्याला मातीसुद्धा दिली नाही अजून!"

आराबाचे कान तापले. पण ती वळायच्या आतच शेजारून एजिर्बाबाई उभ्या राहिल्या. प्रार्थना चालू होती. पाद्रीबाबा थांबले.

"विग?" बाई गरजल्या. "माझ्या सुनेचे आहेत ते! स्वतःचे! मी काल माझ्या हातांनी ताणलेत! ओढून बघा!"

आणि लोकांनी ओढून बघितले! मागच्या बाकाने बघितले, त्यामागच्याने बघितले, पाद्रीबाईंनी तर दोनदा. उजव्या बाजूला वाट होती, त्यामुळे सगळे तिकडूनच आले. समुद्रावरची दमट हवा, शंभर घामेजलेले हात! एकेक बट आखडू लागली. शेवटचं गाणं सुरू झालं, तेव्हा डावीकडचे केस खांद्यावर होते आणि उजवीकडचे कानाच्या वर.

तेवढ्यात एको धापा टाकत आत आला. त्याला पाहून दोन बायका बाकाखाली गेल्या. तो आराबाशेजारी टेकला आणि तिच्याकडे बघतच राहिला.

"हे काय? एकाच बाजूचे कापलेस?"

एजिर्बाबाईंनी मानही वळवली नाही.

"तू गप्प बस. मेलेल्या माणसाने मध्ये बोलू नये."