संकटसागर नेमका कुठे?

नकाशा निवडण्यात माझा हात धरणारा कुणी नाही, हे आधीच सांगून ठेवतो. सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मेव्हण्याने त्यांना दुर्बीण पाठवली, तेव्हा चंद्राचा नकाशा मीच आणणार असं मी घरात जाहीर केलं. लग्न झाल्यापासून सासऱ्यांनी माझ्या हातात साधी हातोडी दिलेली नाही. म्हटलं, एकदा तरी यांच्या तोंडून ‘वा जावईबापू’ ऐकायचंच!

दुकानदार भलताच चौकस निघाला. दुर्बीण कसली, चंद्र तिच्यात सरळ दिसतो की उलटा, असल्या चौकशा. शेवटी त्याने एक घडीचा नकाशा पुढे केला. त्यात उजवीकडचं सगळं डावीकडे! चुकलेली छपाई माझ्या गळ्यात मारत होता लेकाचा. मी त्याला चार गिऱ्हाइकांसमोर भूगोल शिकवला आणि दुकानातला सगळ्यांत जाड अ‍ॅटलास उचलला. उचलला म्हणजे, गाडीपर्यंत आम्ही दोघांनी उचलला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे गच्चीवर. गच्चीला उतार, त्यामुळे दुर्बिणीची तिवई डुगडुगत होती. डोक्यावर अर्धा चंद्र, दुर्बिणीला सासरे, अ‍ॅटलासला मी.

“उजव्या कडेला काळसर गोल डाग दिसेल. संकटसागर म्हणतात त्याला,” मी वाचलं.

“डावीकडे आहे,” सासरे म्हणाले.

“बाबा, उजवीकडे.”

“डावीकडे, जावईबापू.”

पुढची विवरंही त्यांना विरुद्ध बाजूलाच सापडत गेली. एवढा जाड अ‍ॅटलास चुकेल कसा? तेव्हा चूक डोळ्याचीच, ऑपरेशनमध्ये आतलं भिंग उलटं बसलं असेल, असं मी प्रेमाने सुचवलं. जिना उतरताना सासऱ्यांनी कठडा घट्ट धरला. जेवताना, चमचा उजव्याच हातात आहे ना, असं लेकीला विचारलं. मला फार वाईट वाटलं, पण अ‍ॅटलासवरचा विश्वास काही ढळला नाही.

सकाळी त्यांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे. डोळा ठणठणीत! दुर्बिणीत डोळा लावायच्या नळीत आरसा असतो, त्यात डावं-उजवं बदलतं, एवढंच त्यांनी सांगितलं. मग माझ्याकडे वळल्या.

“तुम्ही स्वतः पाहिलं होतं का दुर्बिणीतून?”

“मला अ‍ॅटलास धरायचा होता.”

“बाई, यांनी मान वर करून चंद्रसुद्धा पाहिला नाही,” बायकोने माहिती पुरवली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

दुपारी सासरे एकटेच बाहेर जाऊन तोच घडीचा नकाशा घेऊन आले. खास आरशाच्या दुर्बिणीसाठी छापलेला होता तो. संध्याकाळी संकटसागर जागच्या जागी सापडला आणि म्हातारा लहान मुलासारखा हसला.

“दुकानदार सांगत होता,” डोळा न हलवता ते म्हणाले, “परवा एक शहाणा या नकाशाला चुकलेली छपाई म्हणाला. जाडजूड पुस्तक घेऊन गेला म्हणे.”

“असतात असे लोक,” मी म्हणालो.

त्यांनी वाकून तिवईचा पाय हलवून पाहिला. आज ती डुगडुगत नव्हती. पायाखाली माझा अ‍ॅटलास होता.

“वा जावईबापू,” सासरे म्हणाले. “जाडी अगदी अचूक निवडलीत.”